पहिलं वर्ष, वसतिगृह आणि मन : आदिवासी व दुर्गम भागातल्या विद्यार्थ्यांसाठी नेमकं काय करायचं?

साल्हेर_वाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

धडगाव, मोखाडा, सुरगाणा, धारणी, किनवट, भामरागड. यांपैकी कुठल्याही तालुक्यातून शहरात पदवीला आलेली मुलं घ्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांतली काही परत येत नाहीत. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे "गैरहजर" लागतं आणि विषय संपतो. या गळतीत मनाच्या दुखण्याचा वाटा किती आणि त्यावर प्राध्यापक, गृहपाल, मोठ्या वर्गातली मुलं, गावातले शिकलेले लोक यांनी काय करावं, यासाठी हा धागा काढला आहे. अनुभवकथन नको. उपयोगी पडेल अशी माहिती हवी.

सुरुवात माझ्याकडून. ताण वर्षभर सारखा नसतो. त्याच्या जागा ठरलेल्या आहेत, त्यामुळे आधीच लक्ष ठेवता येतं.

जुलै-ऑगस्ट : प्रवेश झालेला असतो, पण वसतिगृहाची यादी लागलेली नसते. मूल कुणाच्या तरी खोलीवर तात्पुरतं राहतं, जेवणाची आबाळ होते. जात पडताळणीचा अर्ज प्रलंबित असेल तर "प्रवेश रद्द होईल" ही टांगती तलवार वेगळीच.

सप्टेंबर : पहिली अंतर्गत परीक्षा. बारावीला गावात पहिला आलेला मुलगा ३० पैकी ६ गुण बघतो. हा धक्का नुसता गुणांचा नसतो. त्याच्या शिक्षणावर सगळ्या घराने आशा लावलेली असते आणि तो घरी काहीच सांगत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : दिवाळी. वसतिगृह रिकामं करायला सांगतात. याच सुमाराला घरचे ऊसतोडीला, वीटभट्टीवर, नाशिकच्या द्राक्षबागांत किंवा गुजरातेत कामाला निघतात. मुलगा घरी जातो तर घराला कुलूप, किंवा घरचे म्हणतात, "चार महिने चल आमच्याबरोबर." मला विचाराल तर वर्षातला सगळ्यांत नाजूक काळ हाच.

जानेवारी-फेब्रुवारी : पहिल्या सत्राचा निकाल, एटीकेटी (राहिलेले विषय घेऊन पुढे जाणं). शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता अजून आलेला नसतो.

मार्च-मे : मुलींच्या लग्नाची बोलणी. "आता पुरे झालं शिक्षण."

एक गैरसमज आधीच दूर करते. आश्रमशाळेतून आलेल्या मुलाला "घरची आठवण येत असेल" असं सगळे म्हणतात. ते मूल पहिलीपासून घराबाहेरच वाढलंय. त्याला वसतिगृहाची सवय असते, एकट्याने राहण्याची नसते. आश्रमशाळेत घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं, आणि भोवती आपल्याच बोलीची चाळीस पोरं. शहरात घंटा नाही आणि ती पोरंही नाहीत. म्हणून "घरी फोन कर, बरं वाटेल" हा सल्ला तिथे फारसा उपयोगी पडत नाही. त्याच तालुक्यातल्या दोन-तीन मुलांची गाठ घालून देणं जास्त उपयोगी.

माझं म्हणणं एवढंच की मनाचं दुखणं आणि कागदाचं दुखणं या मुलांच्या बाबतीत वेगळं काढता येत नाही. शिष्यवृत्ती अडकलेल्या मुलाला श्वासाचे व्यायाम शिकवून पाठवणं चूक आहे.

---

पळसफूल

धागा चांगला आहे, पण शेवटच्या वाक्याशी मी अर्धीच सहमत आहे. कागद सुटला की मन आपोआप सुटतं असा अर्थ कुणी काढू नये. नैराश्य हा आजार आहे. कधी तो पैशाच्या चिंतेतून सुरू होतो, पण पुढे स्वतःच्या पायावर चालायला लागतो. पैसे आल्यावरही मूल उठत नाही, तेव्हा सगळे म्हणतात, "आता काय झालं याला?"

ओळखायचं कसं? "मी उदास आहे" असं वाक्य या मुलांकडून क्वचित ऐकायला मिळेल. ऐकू येतं ते असं : डोकं जड झालंय, अंगात त्राण नाही, छातीत धडधडतं, करमत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. मुलींमध्ये पोटदुखी आणि चक्कर. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं ही फार महत्त्वाची खूण आहे. जेवण कमी होणं, आंघोळ टाळणं, फोन बंद ठेवणं, आवडत्या खेळाला न जाणं यांतलं बरंचसं सलग दोन आठवडे टिकलं, तर तपासणीची गरज आहे असं समजा.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर पुढे पाठवायचं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी बोलायचं. यावरून निदान होत नाही. कोणाला डॉक्टरांकडे न्यायचं एवढंच कळतं.

ती वापरताना होणाऱ्या चुका : वर्गात ६० मुलांना एकदम वाटली की सगळे शून्य लिहितात, कारण शेजारचा बघत असतो. एकेकट्याला बसवून, मोठ्याने वाचून, त्याच्या बोलीत समजावून विचारा. "गेल्या दोन आठवड्यांत" हे अधांतरी वाटतं. "मागच्या दोन आठवडी बाजारांपासून" म्हटलं की लगेच मोजता येतं.

आणि आत्महत्येबद्दल सरळ विचारा. "असा वेडावाकडा विचार तर करत नाहीस ना?" या प्रश्नाला उत्तर "नाही" एवढंच येणार, कारण तुम्ही तेच मागितलंय. विचारायचं असं : "इतकं जड झालं की माणसाला जगणं नकोसं होतं. तुला तसं वाटतंय का? स्वतःला संपवावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो ही भीती खोटी आहे. विचारल्याने बहुतेकांना मोकळं वाटतं.

---

साल्हेर_वाट

पळसफूल ताई, मान्य. माझं वाक्य अपुरं होतं. दोन्ही एकाच वेळी करायचं, असं म्हणू.

---

फाईल_क्रमांक

कागदाच्या बाजूचं मी लिहितो. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण मुलांची झोप इथेच उडते.

जात पडताळणी. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश घेताना वैधता प्रमाणपत्र लागतं. अर्ज अकरावी-बारावीतच, विज्ञान शाखा घेतली की लगेच करावा. प्रवेशाच्या वेळी केला तर उशीर ठरलेला. लागणारे मुख्य कागद : विद्यार्थ्याचा, वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा प्रमाणित उतारा, जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा, महसुली नोंदी, वंशावळीचं शपथपत्र. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखेआधीचा पुरावा असेल तर वजन फार. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात काका, आत्या, सख्खा-चुलत भाऊ यांपैकी कुणाकडे वैधता असेल तर ती सगळ्यांत आधी जोडा.

अडतं कुठे? एक, आजोबा शाळेतच गेलेले नसतात. दोन, जुन्या नोंदवहीत जमातीचं नाव वेगळं किंवा अर्धवट लिहिलेलं असतं. तीन, पडताळणी समितीचं दक्षता पथक गावात चौकशीला जातं तेव्हा घरचे स्थलांतर करून गेलेले असतात आणि घर बंद. म्हणून अर्जासोबत घरचे गावात कधी असतील ते महिने आणि गावातल्या जबाबदार नातेवाइकाचं नाव लेखी द्यावं.

मुलं एका गोष्टीला फार घाबरतात : "चालीरीती, देव, बोली यांवर प्रश्न विचारतात आणि उत्तर चुकलं की दावा गेला." सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ च्या निकालात स्पष्ट केलंय की ही आप्तभाव चाचणी एकमेव कसोटी मानता येणार नाही. हा निकाल ठाकूर जमातीच्या समितीच्या प्रकरणातला, म्हणजे महाराष्ट्रातलाच आहे. शहरात वाढलेल्या मुलाला सगळ्या रूढी सांगता आल्या नाहीत म्हणून हातपाय गाळू नयेत.

महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीच्या अर्जांचं राज्याचं पोर्टल. भारत सरकार शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नमर्यादा २.५ लाख. पैसे जातात आधारशी जोडलेल्या खात्यात, आणि खाती दोन असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात. मूल जुन्या खात्याचं पासबुक भरत बसतं आणि पैसे भलत्याच बँकेत जमा झालेले असतात. बँकेत "आधार लिंक आहे का" असं मोघम विचारू नका. "एनपीसीआयला माझं आधार कुठल्या बँकेशी जोडलेलं आहे" असं विचारा (एनपीसीआय म्हणजे आधारवरून पैसे खात्यात पोचवणारी संस्था). दुसरा घोळ "सेंड बॅक"चा. अर्ज त्रुटीसाठी परत आलेला असतो, संदेश बंद पडलेल्या मोबाइल नंबरवर जातो आणि मुदत टळते. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती बघायचीच. वर्गात एका मोठ्या मुलाने दहा धाकट्यांचं हे काम अंगावर घेतलं तरी पुष्कळ.

स्वयं योजना. सरकारी आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. योजनेच्या मूळ दरांप्रमाणे वर्षाला मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ६०,०००, इतर महापालिका शहरांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. रक्कम हप्त्यांत येते आणि उशिरा येते, घरमालक मात्र महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांचं भाडं आणि जेवण यांची वेगळी सोय आधी बघूनच खोली घ्यावी.

मुदत आणि पैसा यांच्या कात्रीत काय होतं त्याचं टोकाचं उदाहरण उत्तर प्रदेशातलं. आयआयटी धनबादला जागा मिळालेल्या दलित मजुराच्या मुलाला १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ ला ती परत द्यायला लावली. प्रत्येक मूल सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचणार नाही. म्हणून महाविद्यालयात १५-२० हजारांचा बिनव्याजी फिरता निधी असावा, असं मी कळकळीने सांगतो.

---

नदीकाठ

प्रश्न आहे. सिव्हिलला मानसोपचार विभागात गेलं तर कॉलेजला, गावाला कळतं का? पुढे नोकरीत "वेडाचा शिक्का" लागतो का? वसतिगृहातली मुलं याच भीतीने जात नाहीत.

---

केसपेपर_खिडकी

नदीकाठ, हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कॉलेजला कळत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३ : रुग्णाची माहिती गोपनीय. कायद्याने मोजके अपवाद आहेत, त्यांत जिवाला धोका हा मुख्य. १८ वर्षं पूर्ण असतील तर बाह्यरुग्ण विभागात दाखवायला पालकांची सही लागत नाही. कॉलेजने "आम्हाला रिपोर्ट दाखव" म्हटलं तर नाही म्हणता येतं. रजेसाठी "वैद्यकीय कारणास्तव विश्रांती" एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र डॉक्टरांकडून मागा.

जायचं कसं : जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढताना "मानसोपचार ओपीडी" सांगा. खिडकीवर मोठ्याने बोलायचं नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक काही ठरावीक दिवशी उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयातही येतं. तो वार आधी विचारून घ्या, नाही तर ६० किलोमीटरचा एसटीचा हेलपाटा फुकट जातो, आणि एकदा फुकट गेला की मूल दुसऱ्यांदा निघत नाही.

फोनवर सुरुवात करायची तर टेलि-मानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत. भाषा निवडल्यावर आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज असेल तर तज्ज्ञांकडे जोडून देतात. वसतिगृहात एकांत नसतो, म्हणून फोन गच्चीवर किंवा मैदानात जाऊन करा, असं मुलांना आपणहून सांगावं. आणि फोन चार्ज असू द्या. बोलणं मध्येच तुटलं की पुन्हा लावायचं बळ राहत नाही.

कोण कोण असतं : मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमडी किंवा डीपीएम डॉक्टर, औषध तेच देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ते चाचण्या आणि मानसोपचार करतात. "समुपदेशक" हा शब्द कुणीही लावू शकतं, म्हणून शिक्षण विचारायला संकोच करू नका.

औषधांबद्दल : नैराश्यावरच्या गोळ्या लगेच काम करत नाहीत. दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता होऊ शकते, आणि नेमक्या तेव्हाच मुलं "गोळी बाधली" म्हणून सोडतात. अस्वस्थता फार वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना भेटा. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. गावी जाताना दिवाळीची सुट्टी धरून तेवढ्या दिवसांच्या गोळ्या मागून घ्या. गावातल्या दवाखान्यातून नुसती "झोपेची गोळी" घेत राहणं धोक्याचं : तिची सवय लागते, नैराश्य तसंच राहतं, आणि दारूबरोबर ती घेतली तर श्वासावर परिणाम होतो.

आणखी एक तरतूद फार कमी लोकांना माहीत आहे. कलम १४ प्रमाणे सज्ञान माणूस आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः निवडू शकतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा, आणि प्रतिनिधी होणाऱ्याची लेखी संमती, एवढं लागतं. आईवडील ऊसतोडीला गेले असतील तर मोठी बहीण, मामा, विश्वासातला मित्र, कुणीही सज्ञान चालतं. दाखल करायची वेळ आली आणि घरच्यांचा फोन लागत नसला, की हा कागद कामाला येतो.

---

मेळघाट_थंडी

केसपेपर_खिडकी सरांच्या पोस्टला जोडून. मानसोपचाराआधी किंवा सोबत रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची चाचणी), बी-१२, आणि आपल्या भागासाठी सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार).

भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान या समाजांत सिकलसेल बऱ्याच प्रमाणात आढळतो. रुग्ण असलेल्या मुलाला थकवा, सांधेदुखी, अचानक असह्य वेदना होतात. वर्गात तो "आळशी", वसतिगृहात "नाटकी" ठरतो, आणि ऐकून ऐकून स्वतःही तसंच मानायला लागतो. वेदना खरी, वरून अपमान. नैराश्य यायला आणखी काय हवं? पाणी कमी पिणं, थंड पाण्याची आंघोळ, उपाशी धावणं, ताप यांनी दुखणं उफाळतं. अशा मुलाला पहाटेच्या कवायतीतून सूट आणि गरम पाणी मिळालंच पाहिजे.

तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी साधी विद्राव्यता चाचणी, ती सकारात्मक आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. फक्त वाहक असेल तर सहसा त्रास होत नाही, म्हणून प्रत्येक थकवा वाहकपणावर ढकलू नका. आजार असेल तर तो २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतो. यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) काढून ठेवा. परीक्षेत जादा वेळ मागताना लागतं.

---

मोहाची_सावली

भगताचा (गावातल्या देवऋषीचा) विषय कुणी काढला नाही, म्हणून मी काढतो. मूल सुट्टीत घरी जातं, गप्प बसतं, घरचे म्हणतात "बाहेरचं झालंय" आणि भगताकडे नेतात. इथे शिकलेले लोक दोन चुका करतात. एक, मुलासमोर त्या सगळ्याला मूर्खपणा म्हणतात. मग मूल घर आणि कॉलेज यांच्या मध्ये फाटतं, आणि पुढच्या वेळी काही सांगत नाही. दुसरी चूक म्हणजे तिथेच सोडून देणं.

करायचं असं : घरच्यांना सांगा, "तुमचं तुम्ही करा, पण गोळी बंद करू नका, उपाशी ठेवू नका, आणि अमुक तारखेला दवाखान्यात आणा." बऱ्याच भगतांना समजावलं की ते स्वतःच सांगतात, डॉक्टरकडेही जा. मारहाण, चटके, कोंडून ठेवणं, धुरी देऊन गुदमरवणं यांना मात्र सवलत नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. आणि मुलगी असेल तर जास्त सावध राहा : "अंगात येतं" म्हणून शिक्षण थांबवून लग्न उरकण्याची घाई होते.

---

गृहपाल_खोली_नं_१

वसतिगृहात रात्री अकराला कळलं की अमुक मुलगा "आता नको जगायला" म्हणतोय, तर क्रम लिहून ठेवते. छापून कार्यालयाच्या दारामागे लावावा.

त्याला एकटं सोडायचं नाही, एक मिनिटही. पण दहा जणांनी घेरायचंही नाही. त्याच्या विश्वासातला एक आणि आपण, असे दोघं. बाकीच्यांना खोल्यांत पाठवा, मोबाइलवर चित्रण होऊ देऊ नका. भाषण नको, "आईवडिलांचा विचार कर" अजिबात नको. आईवडिलांचाच विचार करकरून तो इथवर आलेला असतो. आधी ऐकायचं. मग विचारायचं : काही ठरवलंय का, काही जवळ ठेवलंय का? जे असेल ते ताब्यात घ्यायचं. १४४१६ लावून स्पीकरवर त्याला बोलू द्यायचं. योजना ठरलेली असेल, काही घेतलेलं असेल किंवा नुसता संशय असेल, तर १०८ बोलावून जवळच्या सरकारी रुग्णालयात.

काही प्यायलं असेल तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. डबी किंवा पाकीट सोबत न्या, डॉक्टरांना त्यावरचं नाव लागतं. "आता ठीक दिसतोय" म्हणून थांबू नका. काही विषांचा परिणाम तासांनी, दिवसांनी दिसतो.

लोक पोलीस केसच्या भीतीने दडवतात आणि त्यात वेळ जातो. रुग्णालय एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद करतं, ते त्यांना करावंच लागतं. पण २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलम ३०९ सारखं सरसकट कलम उरलेलं नाही. मूल गुन्हेगार ठरत नाही. हे घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगा.

दुसऱ्या दिवशीची सर्वांत वाईट चूक : पालकांना बोलावून, "जबाबदारी नको" म्हणून मुलाला सामानासकट घरी पाठवणं. पहिले काही आठवडे धोका जास्त असतो, आणि घरी शेतीचं औषध हाताशी असतं. घरी पाठवायचंच असेल तर ते शेतीचं औषध कुलूपबंद पेटीत, किल्ली शेजारच्या घरी, आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून. परत आल्यावर खोली दोन-तीन जणांची द्या, जागा राखून ठेवा.

एका पानाची सुरक्षा-चिठ्ठी त्याच्याच हस्ताक्षरात करून घ्या : जड व्हायला लागलं हे मला कशावरून कळतं, मी एकटा काय करू शकतो, कुणाजवळ जाऊन बसू शकतो, कुणाला सांगू शकतो (तीन नंबर, त्यातला एक तरी वसतिगृहातला), डॉक्टर आणि १४४१६, खोलीत काय ठेवायचं नाही. चिठ्ठी पाकिटात राहते, कपाटात नाही.

आणि जेवण. २०१८ पासून अनेक आदिवासी वसतिगृहांत खानावळीऐवजी पैसे थेट खात्यात देण्याची पद्धत आली. रक्कम लांबली की मुलं एक वेळ जेवतात, कुणी त्यातूनच घरी पाठवतं. कुणाचं जेवण सुटलंय हे पाहणं हीसुद्धा मानसिक आरोग्याची तपासणी आहे.

---

तिसरी_भाषा

वर्गातल्या दोन गोष्टी राहिल्या.

घरी गोंडी, माडिया, कोरकू किंवा पावरी, शाळेत मराठी, आणि आता बीएस्सी-अभियांत्रिकीला इंग्रजी. ही मुलांची तिसरी भाषा आहे. "इंग्रजी कच्चं आहे" म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी एवढं लक्षात घ्यावं की मराठीही त्यांनी शिकूनच मिळवली आहे. उपाय अवघड नाही. प्रत्येक विषयाची दीड-दोनशे शब्दांची इंग्रजी-मराठी यादी पहिल्या महिन्यात द्या. तोंडी परीक्षेत पहिलं उत्तर मराठीत घ्या, मग तेच इंग्रजीत सांगायला लावा. सगळ्यांदेखत फळ्यासमोर उभं करून उच्चार सुधारू नका. मुलं वर्गात बसायचं बंद करतात त्याचं हे एक मोठं कारण आहे.

दुसरी गोष्ट अपमानाची. "तुझा रँक किती? कोट्यातून ना?" हा प्रश्न गंमत म्हणून खपवला जातो. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजाच्या डॉ. पायल तडवी मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेत होत्या. मे २०१९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला; जातीवरून छळ झाल्याचा आरोप घरच्यांनी केला. त्यानंतर त्यांच्या आई आणि हैदराबाद विद्यापीठातले दिवंगत संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या आई, दोघी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणी होती यूजीसीचे २०१२ चे समतेचे नियम खरोखर राबवले जावेत ही. त्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितला आहे. आपल्या महाविद्यालयात तो अधिकारी कोण, हे नाव सूचनाफलकावर आहे का ते आजच बघा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, तारीख-वेळ-शब्द जसेच्या तसे लिहा, साक्षीदार लिहा. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२. समुपदेशकानेही अशा वेळी "तू मनाला लावून घेऊ नकोस" म्हणू नये. जातीवरून होणाऱ्या अपमानावर मन घट्ट करणं हा उपचार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ ला दिलेल्या मार्गदर्शक सूचनाही हाताशी ठेवा : १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता, त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करायची, सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहात आणि वर्गांत ठळक. प्राचार्यांना पत्र लिहिताना ही तारीख घाला.

---

नदीकाठ

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो. एक मुलगा म्हणतोय, वर्ष सोडतो, टीसी काढतो. काय सांगायचं?

---

फाईल_क्रमांक

टीसी काढू देऊ नका. टीसी काढली की वसतिगृहाची जागा, स्वयं, शिष्यवृत्ती, एसटीचा पास, सगळं एकाच दिवशी तुटतं, आणि पुन्हा जोडायला दोन वर्षं जातात.

त्याऐवजी : वैद्यकीय प्रमाणपत्रासह रजेचा अर्ज, आवक क्रमांकासह पोच. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली असेल तर सूट मागणारा अर्ज वेगळा. सगळे विषय झेपत नसतील तर दोन-तीनच विषयांची परीक्षा देऊ द्या, बाकी एटीकेटी. किती विषयांपर्यंत पुढच्या वर्षात जाता येतं ते विद्यापीठागणिक वेगळं आहे, परीक्षा विभागात विचारा. मिळवलेली क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत राहतात, पण एबीसी खात्यात ती खरंच चढली आहेत का ते आधी बघा. आणि थांबायचंच ठरलं तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारल्याशिवाय नाही : खंड पडल्यावर शिष्यवृत्तीचं नूतनीकरण कसं होईल, ते लेखी घ्या.

---

केसपेपर_खिडकी

एक भर. फार उदास असताना घेतलेला "सोडतो" हा निर्णय चार-सहा आठवडे पुढे ढकलायला सांगा, तेवढ्यात उपचार लागू पडायला लागतात. त्यानंतरही त्याला सोडायचंच असेल तर त्याचा निर्णय मानायचा.

---

नदीकाठ

टीसीचा अर्ज अजून दिलेला नाही. सोमवारी सिव्हिलला मानसोपचार ओपीडी असते असं कळलं, सकाळी साडेसहाच्या एसटीने सोबत कोण जाणार ते ठरलंय. सिकलसेलची तपासणीही त्याच दिवशी करायला सांगतो.